टेकडीचे चौदा फेरे

सहदेव घाडीला साहेबाचा तो फोन आला, तेव्हा त्याच्या नोकरीचे बावीस दिवस उरले होते. घाटकोपरच्या खडकटेकडीखाली, रस्त्याच्या मधोमध, रिक्षांकडे पाठ करून तो उघड्या झाकणात बघत उभा होता.

सहदेव पालिकेच्या पाणीखात्यातला चावीवाला. ही चावी खिशात मावणारी नव्हे. छातीपर्यंत येणारा लोखंडी दांडा, वर आडवी मूठ. रस्त्यातलं झाकण उचलायचं, दांडा खाली व्हॉलवर बसवायचा आणि फिरवायचा. एवढंच काम. ह्या एवढ्याशा कामावर अर्धं घाटकोपर अंघोळ करतं, नि ते करणाऱ्याचं नाव त्यातल्या चौघांनाही ठाऊक नसतं.

पाणी पालिकेचं, पालिका लोकांची, म्हणजे पाणी लोकांचं, असं वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं आहे. त्या भिंतीच्या आत मोठे साहेब, मधले साहेब, धाकटे साहेब अशी शिडी. वरून धोरण निघतं, पायरीपायरीवर सही घेत खाली उतरतं, आणि शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत त्याचा फोन झालेला असतो. कागदावर लिहिलेलं असतं की सर्वांना समान वाटप. फोनवर सांगतात, ह्याचं कमी कर, त्याचं वाढव. सहदेवने तेहेतीस वर्षांत कागदाप्रमाणे पाणी सोडलेलं एकदाही पाहिलं नव्हतं.

फोन धाकट्या साहेबांचा होता. मुकुल साहेब, वय एकतीस, बूट इतके स्वच्छ की हा माणूस पाण्याच्या खात्यात आहे हे सांगावं लागे. ते म्हणाले, टेकडीचे चार फेरे कमी करा, टॉवरला प्रेशर कमी पडतंय.

टॉवर म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी नव्याने उभी राहिलेली नीलगगन हाइट्स. हे सांगणं साहेबांचं नव्हतं, अण्णांचं होतं, हे सहदेवने आवाजावरून ओळखलं. अण्णा माजी नगरसेवक. निवडणूक होऊन आठ वर्षं उलटली होती, त्यामुळे वॉर्डात आजी कोणी नव्हताच, सगळे माजी. पण माणूस माजी झाला तरी त्याचा फोन माजी होत नाही. टॉवरची सोसायटी अण्णांकडे गेली, अण्णा साहेबांकडे वळले, साहेब सहदेवकडे. सहदेवच्या खाली कोणी नव्हतं. त्याच्या खाली थेट पाणी.

"साहेब, लिवन द्या," सहदेव म्हणाला.

 साहेबांनी समजावलं, की असलं लेखी देता येत नाही, घाडी, धोरण समान वाटपाचं आहे. सहदेव म्हणाला, मग समान वाटपाचा लिवन द्या. साहेबांनी फोन ठेवला.

आता ह्या फेऱ्यांची गोष्ट सांगायला हवी. रोज दुपारी अडीचला मोठा व्हॉल उघडतात, चारला बंद करतात. तेवढ्या दीड तासात टेकडीला नि टॉवरला एकाच लाइनीतून पाणी. वेळसुद्धा अशी कोरून काढलेली, की टेकडीवरच्या धुणीभांडी करणाऱ्या बाया नेमक्या त्या वेळी दुसऱ्यांच्या मोऱ्यांत असाव्यात. टेकडीच्या फाट्यावर आणखी एक व्हॉल आहे. तो रोज हलवायचा नाही. तो एकदा बसवून ठेवायचा; दांड्याचे जितके फेरे देऊन उघडाल, तितकं पाणी वर.

अकरा वर्षांपूर्वी सहदेव इथे बदलून आला तेव्हा टेकडीची शेवटची गल्ली कोरडी होती. महिनाभर तो रोज दुपारी फेरा बदलून टेकडी चढला. तेरा फेऱ्यांवर वरचा नळ नुसता फुसफुसे. पंधरा दिले की पायऱ्यांवरून वाहून जाई. चौदावर सगळ्यांना पुरे. चैन नाही, पण पुरे. हे चौदा कुठल्या पुस्तकात नाहीत. खात्याच्या नकाशात तो व्हॉलच नाही, कारण नकाशा करणारे आले त्या वर्षी झाकणावर डांबर होतं, आणि डांबर खरवडायचं त्यांच्या कंत्राटात नव्हतं. हा आकडा वेळापत्रकात घाला म्हणून सहदेवने तीनदा अर्ज दिला. तिन्ही वेळा उत्तर एकच, की नकाशात नसलेल्या व्हॉलचं वेळापत्रक करता येत नाही.

म्हणजे दोन हजार माणसांचं पाणी ह्या एका माणसाच्या मनगटात होतं, आणि मनगट बावीस दिवसांनी निवृत्त होऊन गावी, कणकवलीला निघालं होतं. नंतर येणाऱ्याला चौदाही ठाऊक नसणार नि दहाही. अण्णा सांगतील तो आकडा. सहदेवला जाण्याआधी एक कागद हवा होता, खात्याच्या सहीचा. बाकी निरोपाचा नारळ, शाल, भाषण, ते ज्याला हवं त्याने घ्यावं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला पाणीखात्याच्या चौकीत बसायला सांगितलं. वय झालंय, दगदग नको, असं प्रेमाने. टेकडीच्या व्हॉलवर कंत्राटदाराची दोन माणसं नेली आणि साहेब स्वतः हजर राहिले. सगळं जग उजवीकडे फिरवून बंद करतं, त्याप्रमाणे त्यांनी उजवीकडे चार फेरे दिले.

तो व्हॉल उलट्या आट्यांचा. साहेबांच्या आज्यापेक्षा जुना. उजवीकडे फिरवला की उघडतो.

चौदाचे अठरा झाले. टेकडीवर पाणी धावत गेलं नि टॉवरचं आणखी उतरलं. टॉवरवाल्यांनी अण्णांना धारेवर धरलं, अण्णांनी साहेबांना. साहेबांनी आणखी सहा फेरे कमी करायला लावले, म्हणजे सहा वाढवले. टॉवरची टाकी अर्धीही भरेना. चौथ्या दिवशी साहेब चिडून म्हणाले, टेकडी पूर्ण बंद करा, फॉल्ट सापडेपर्यंत. दोन माणसांनी दांडा अडेपर्यंत उजवीकडे फिरवला. चाळिसाव्या फेऱ्याला व्हॉल सताड उघडला. टॉवर कोरडा ठाक.

दोन हजार माणसांचं पाणी आपण तोडलं, असं मनात धरून साहेब जेवायला गेले, आणि त्यांना जेवण गेलं. पुढचे चार दिवस टेकडीवरून एकही तक्रार आली नाही, तेव्हा त्यांच्या मनात आलं ते असं, की ह्या लोकांची चोरून कनेक्शन्स असणार, नाहीतर एवढे गप्प बसले नसते. टेकडी चढून बघावं हे एकालाही सुचलं नाही. अडीचशे पायऱ्या आहेत. इंजिनिअरांच्या शिक्षणात पायऱ्या नसाव्यात.

सहदेवला पहिल्याच दिवशी कळलं होतं. चौकीच्या खिडकीतून त्याला टेकडीच्या पायऱ्यांवरून पाणी ओघळताना दिसत होतं. वरचे लोक मोटरसायकली धूत होते. पायऱ्या धूत होते. एकजण तर पाइप धरून पत्र्यावर पाणी मारत होता, घर थंड राहतं म्हणून. अकरा वर्षं थेंब मोजून भरणारी माणसं, पण चार दिवस भरपूर मिळालं तर टॉवरवाल्यांहून बेअक्कल झाली. सहदेवने त्यांच्याकडेही बघून तोंड फिरवलं.

साहेबांनी रस्ता खणायला घेतला त्या रात्री घरी जानकीला त्याने सगळं सांगितलं. जानकी त्याची बायको, सांगितलेलं डोक्यात ठेवणारी आणि नेमकं नको तेव्हा काढणारी. ती मासे साफ करीत बसली होती.

"मगे तुमी सांगूक कित्या नाय?"

"माका कोणी इचारूक नाय."

"त्येंनी रस्तो खणूक घेतल्यानी. थंय माणसां पडतली."

"पडांदे. एकदा तरी खात्यातलो माणूस खड्ड्यात बघीत."

"ह्या तुमचा बरा नाय," जानकी म्हणाली. "तुमका कागद होयो म्हणान तुमी त्या टावरातल्या म्हाताऱ्यांका तहानलेले ठेवतास. तुमच्यात नि त्या अण्णात फरक काय तो सांगा."

 टॉवरात टँकर येतात, असं सहदेव पुटपुटला. मग न जेवताच उठला. त्या रात्री तो स्वतःवरही खूश नव्हता, पण कागदावाचून बोलायचं नाही ह्यावरून हललाही नाही.

नीलगगनच्या दारात टँकरांची रांग लागली. लाइन फुटली आहे असं ठरवून साहेबांनी रस्ता तीन ठिकाणी खणला. पहिल्या खड्ड्यात दगड निघाले, दुसऱ्यात दुसऱ्या कोणाची तरी केबल, तिसऱ्यात काहीच नाही. अण्णा खड्ड्याच्या काठावर उभे राहून फोटो काढून गेले. अकराव्या दिवशी बातमी आली, की उद्या सकाळी मोठे साहेब पाहणीला येणार. त्या संध्याकाळी मुकुल साहेब चौकीत आले. बुटांना पहिल्यांदाच चिखल होता.

"घाडीकाका," ते म्हणाले.

इतके दिवस घाडी होते, आज काका झाले. सहदेवने बाकावर जागा करून दिली नाही.

साहेब म्हणाले, तुम्ही एवढी वर्षं इथे आहात, काही अंदाज आहे का. सहदेव म्हणाला, अंदाज नाय, माहीत असा. साहेब म्हणाले, मग सांगा ना. सहदेवने चौकीच्या कपाटावरून कोरा कागद काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"लिवन द्या. खडकटेकडी, फाट्यावरचो व्हॉल, उलट्या आट्यांचो. चौदा फेरे उघडो ठेवचो. बदल करूचो तर लेखी हुकमानच."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. उलट्या आट्यांचा हे शब्द त्यांच्यात हळूहळू उतरत गेले, नि चेहऱ्यावर आधी राग आला, मग हिशेब, मग बराचसा रंग गेला.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"खात्याक अकरा वर्षांपासून माहीत असूक होया होता. तीन अर्ज दिलंय मी."

"उद्या मी मोठ्या साहेबांना काय सांगू?"

"सांगा की तुमी शोधून काढल्यात. माझा नाव घालू नका. माका नको असा."

ह्यावर साहेबांचा चेहरा पुन्हा माणसात आला. त्यांनी खिशातून पेन काढलं. लिहिताना एकदा थांबून विचारलं, चौदाच का, बारा लिहू या, अण्णांनाही तोंड दाखवायचंय. सहदेवने कागद आपल्याकडे ओढायला हात पुढे केला. साहेबांनी चौदा लिहिलं.

सही झाली, तरी सहदेव उठला नाही. जावक क्रमांक नसलेल्या कागदात खात्याबाहेरचा टपरीवाला भजी बांधून देतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. साहेबांना वॉर्ड ऑफिसात परत जावं लागलं. कारकून घरी निघाला होता, त्याला जिन्यातून मागे फिरवलं, शिक्का मारून घेतला, नंबर टाकून घेतला, दोन प्रती काढल्या. सव्वासातला कागद सहदेवच्या हातात पडला. त्याने तो दिव्याखाली धरून पहिल्या अक्षरापासून शिक्क्यापर्यंत वाचला, मग दांडा उचलला. फाट्यावर जाऊन डावीकडे सव्वीस फेरे दिले. घाम पुसला. साहेब बाजूला उभे राहून मोबाइलवर व्हिडिओ घेत होते, आपल्या शोधाचा.

दुसऱ्या दुपारी टॉवरची टाकी भरली. मोठ्या साहेबांनी धाकट्या साहेबांची पाठ थोपटली. नकाशात एक नवा ठिपका आला. संध्याकाळपर्यंत नीलगगनच्या फाटकावर फलक लागला, पाणीप्रश्न सोडवल्याबद्दल अण्णांचे जाहीर आभार. फलकावर अण्णा हात जोडून हसत होते. ह्या साऱ्या प्रकरणात त्यांनी केलेलं एकमेव काम म्हणजे फोन, आणि तोही चुकीचा.

पुढच्या दुपारी कागदाची दुसरी प्रत घेऊन सहदेव टेकडी चढला. वरच्या गल्लीत द्रौपदीबाई राहते. जालन्याकडची, सत्तरीची, टेकडीची भांडणं तिच्या दारात मिटतात किंवा पेटतात. सहदेवने प्रत तिलाच द्यायची ठरवली होती. ती रिकामी कळशी पुढ्यात घेऊन उंबऱ्यावर बसली होती.

"आलास व्हय," ती म्हणाली. "तो नवा सायेब व्हता तवर धो धो पाणी व्हतं. देवमाणूस. तू आलास आन् पुन्हा करंगळीएवढी धार. टावरवाल्यांनी किती चारलं रं तुला?"

शेजारच्या दोघी दारात आल्या. एकीने मागून ओरडून विचारलं, की हाच का तो पाणी कमी करणारा.

सहदेवने त्यांना चौदाचं गणित सांगितलं नाही. अकरा वर्षांत टेकडीवरून त्याला कधी पाणी प्यायला मिळालं नव्हतं, आता अक्कल वाटायला तो आला नव्हता. त्याने कागद द्रौपदीबाईच्या हातात दिला. ह्यात टेकडीचं पाणी लिहिलंय, तो म्हणाला, नवा चावीवाला कमी करायला लागला तर हा दाखवायचा, आणि मागितलाच तर झेरॉक्स द्यायची, हा शिक्क्याचा कागद द्यायचा नाही.

तिने कागद उलटासुलटा केला. वाचता येत नव्हतं, पण गोल शिक्का तिने अंगठ्याने दोनदा चाचपून पाहिला. मग पदराच्या गाठीत न बांधता आत गेली, देवांच्या फळीवरचा रेशनकार्डाचा डबा काढला, कागद त्यात ठेवून झाकण दाबून लावलं.

"शिक्का हाय म्हनून ठिवते," ती बाहेर येत म्हणाली. "पर तू काय आमच्या भल्याचा न्हाईस."

"नाय," सहदेव म्हणाला, आणि अडीचशे पायऱ्या उतरू लागला. चार वाजत आले होते. मोठा व्हॉल बंद करायचा होता.