तळ्याकाठी मारलेली हाक

मी जन्माची भित्री. नागपूरच्या घरात ट्यूबलाइटमागे पाल दिसली की बाबा झाडू घेऊन आल्याशिवाय मी पलंगावरून पाय खाली ठेवत नसे. अशा मुलीला नोकरी मिळाली ती ऑरलँडोत, जिथे पाली भिंतीवर नाही, थेट दारातल्या पायपुसण्यावर बसतात. पहिल्या आठवड्यात मी चप्पल घालण्याआधी ती काठीने उलटी करून बघत होते. नवरा डोंबिवलीचा, त्याला या गोष्टीचं फार हसू यायचं.

लोक इथे सुट्टीला येतात, म्हणून भारतातल्या नातेवाइकांची समजूत आहे की आम्ही कायमच सुट्टीवर असतो. मुलांच्या परीक्षा संपल्या की फोन सुरू होतात. मग एअरपोर्टवरून आणा, सकाळी मोठाल्या पार्कांच्या दाराशी सोडा, संध्याकाळी उन्हाने लाल झालेल्या मंडळींना घरी आणून वरणभात वाढा. पाहुणे गेले की उरतो आम्ही आणि आमची धास्ती. वादळाचा मोसम आला की खिडक्यांना फळ्या ठोका, पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. ऑफिसात कुणाला काढणार म्हणून कुजबुज सुरू झाली की व्हिसाचे कागद काढून तारखा मोजत बसा. मला या सगळ्याची भीती वाटायची आणि त्यात भर म्हणून घरामागे तळं होतं.

तळं म्हणजे पावसाचं पाणी साठावं म्हणून बिल्डरने खणलेला मोठा खड्डा, भोवती छान कापलेली हिरवळ. काठाला पाटी होती: मगरी आहेत, पाण्याजवळ जाऊ नका, त्यांना खाऊ घालणं हा गुन्हा आहे. मी ती पाटी घर भाड्याने घेतानाच वाचली आणि परत फिरायला निघाले होते. नवऱ्याने समजूत घातली की फ्लोरिडात प्रत्येक डबक्याला अशी पाटी असते, इतकं मनावर घ्यायचं नसतं यार. आम्ही राहिलो. मागच्या जाळीच्या पडवीच्या पलीकडे मी कधी पाऊल टाकलं नाही.

बाबा गेले त्या वर्षी आई आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आली. आई भीत नाही. तिच्या वाट्याची भीती मलाच मिळाली असावी. ती आली ती सोबत पितळी बाळकृष्ण, सहाण आणि एक नवी सवय घेऊन. बाबा गेल्यापासून ती जेवणाआधी पोळीचा एक घास तूप लावून बाजूला काढायची आणि नागपूरच्या गच्चीच्या कठड्यावर कावळ्यासाठी ठेवायची. इथे तिने तो घास पडवीबाहेरच्या दगडावर ठेवला. इथल्या कावळ्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. चार दिवस मुंग्यांनी तो खाल्ला, तेव्हा आईचा चेहरा उतरला. मग ती हिरवळ ओलांडून तळ्याकडे जायला लागली. पाण्यात कासवं दिसतात, ती खातील, म्हणाली. मी पाटी वाचून दाखवली, लांबूनच टाक म्हणून सांगितलं. तिने मान हलवली. आईने मान हलवली म्हणजे ऐकलं असं नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण मी घरूनच काम करायचे आणि माझ्या मीटिंगा सकाळीच असायच्या.

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी, त्यामुळे दिवसभर आजीच्या मागे मागे. एकदा जेवताना ती मला म्हणाली, "मम्मा, अहो एट द पोळी टुडे."

मी विचारलं, कोण अहो? तर म्हणे, आजीचा फ्रेंड, तो पाण्यात राहतो. मला वाटलं, कासवाला नाव ठेवलंय. आई ताटात बघत भात कालवत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी मीटिंगमध्ये माइक बंद ठेवून खिडकीशी उभी राहिले. आई वाटी घेऊन तळ्याकाठी गेली, पदर सावरून वाकली आणि तिने हाक मारली. "अहो, या. जेवायला या."

ही हाक मी जन्मापासून ऐकली होती. स्वयंपाकघरातून बैठकीपर्यंत जाणारी, शेवटी जराशी वर चढणारी. बाबा पेपरमागून हुं म्हणायचे आणि पाच मिनिटांनी उठायचे. इथे मात्र हाकेसरशी पाण्यावर तरंगणारं एक लाकूड वळलं. लाकडाला दोन डोळे होते. ते सरळ रेषेत, घाई न करता, माझ्या आईकडे आलं.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. दंडाला धरून तिला पडवीत आणलं, दार लावलं, कडी घातली आणि मी तिथेच फरशीवर बसले. माझ्या तोंडाला येईल ते मी बोलले. वेड लागलंय का तुला, ती मगर आहे, एका घासात तुला ओढून नेईल, मी तुझ्या हाडांचं काय करू परदेशात.

आई शांतपणे समोर बसली. "मगर आहे, हे काय मला दिसत नाही?" ती म्हणाली. "तू काहून एवढी भितेस? मला माहीत आहे ते कोण आहे आणि कोण नाही."

मग अहो काय म्हणतेस तिला, मी ओरडले.

"दिवसातून शंभरदा म्हणायची मी हा शब्द. आता कुणाला म्हणू? तू तर नवऱ्याला नावाने हाक मारतेस, या घरात तो शब्दच नाही. तोंडात येतो आणि तसाच राहतो." मग ती म्हणाली, "आणि हाक मारली की येतं ते. ते तर पहिल्या हाकेला कधी उठले नाहीत."

मला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. मला फक्त भीती वाटली. मगरीची वाटली आणि आईचीही, तिच्या या शांतपणाची. इतक्या लांबून मी तिचं दुःख व्हिडिओ कॉलवर बघत होते आणि तिथे ते बरंच आवरलेलं दिसायचं.

आईने शब्द दिला की आता तळ्याकडे जाणार नाही. संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, मगरींसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करू या, ते येऊन मगर पकडून नेतात. तो म्हणाला, विचारतील ना कुणी खाऊ घातलं, सरळ गुन्हा आहे तो. आई व्हिजिटर व्हिसावर, आपलं ग्रीन कार्ड लाइनीत, कशाला विषाची परीक्षा? दाराला वर एक कडी लावू या. हे त्याचं बोलणं मला पटलं, कारण एका भीतीपेक्षा दुसरी भीती जास्त ओळखीची होती. वरची कडी लागली. पण मी दिवसातून कितीतरी वेळा पाण्याकडे बघायला लागले. ते लाकूड आता आमच्याच बाजूच्या काठाशी असायचं. जेवणाच्या वेळेला तर हमखास.

एका सकाळी आई अंघोळीला गेली होती आणि माझी मीटिंग चालू होती. पेस्ट कंट्रोलचा माणूस मागच्या बाजूने फवारून गेला होता आणि त्याच्या मागे ती वरची कडी लावायची राहिली. मला ती हाक ऐकू आली. "अहो, या. जेवायला या." तोच सूर, शेवटी जरासा वर चढणारा. फक्त आवाज बारीक होता.

माझी मुलगी पाण्याच्या अगदी कडेला उकिडवी बसली होती. हातात पोळीचा तुकडा. ते लाकूड अर्ध्या वाटेवर आलेलं होतं.

पालीला बघून गल्ली गोळा करणारी मी, त्या क्षणी माझ्या तोंडातून आवाज फुटला नाही. मी धावत होते, पण हिरवळ संपेना. माझ्या बाजूने आई गेली. ओले केस, गाऊन अंगाला चिकटलेला, गुडघे दुखतात म्हणून जिने न चढणारी माझी आई. तिने नातीला काखेतून उचललं आणि उलट्या पावलांनी मागे आली. मगरीने झेप वगैरे घेतली नाही. ती काठाशी येऊन थांबली. अर्धं डोकं बाहेर, तोंड जरा उघडं, वाढण्याची वाट बघत. ते थांबणं मला अजून स्वप्नात दिसतं.

घरात आल्यावर मुलगी चिडून रडत होती, तिला पोळी देऊ दिली नाही म्हणून. आई तिला छातीशी घट्ट धरून थरथरत होती. आईला घाबरलेली मी पहिल्यांदा पाहिली आणि माझा उरलासुरला धीर गेला. तीच म्हणाली, "लाव फोन." मी व्हिसाचा विचारही न करता फोन लावला.

मगर पकडणारा माणूस दुपारी आला. पिकअप ट्रक, जाड गळ, दोर, चिकटपट्टी. किती लांब आहे विचारलं आणि मी हात पसरून दाखवल्यावर म्हणाला, एवढ्या मोठ्या दुसरीकडे सोडत नाही आम्ही, त्या परत येतात. पुढे काय होतं ते मी विचारलं नाही. त्याने पाणी थोपटलं, आमिष टाकलं, वाट पाहिली. पाणी हललं नाही. अनोळखी माणूस दिसला की दडून बसतात, म्हणाला, उद्या येतो. मग माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "समबडी फीडिंग हिम?" मी सांगितलं, माहीत नाही.

आईला इंग्रजी येत नाही, पण तिला सगळं कळलं होतं. उद्या म्हणजे अजून एक रात्र आणि अजून एक सकाळ, आणि घरात चार वर्षांची पोर. ती आत गेली, वाटीत तूप लावलेली पोळी घेऊन आली आणि त्या माणसाच्या मागे येऊन उभी राहिली. मी तिला अडवायला हात पुढे केला, तो तिने बाजूला केला.

"अहो," तिने हाक मारली. आवाज फाटला, तिने घसा साफ केला. "अहो, या. जेवायला या."

पहिल्याच हाकेला पाणी हललं.

त्या माणसाने एकदा आईकडे आणि वाटीकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं असणार. त्याने गळ फेकला. पाणी ढवळून निघालं, दोर ताणला गेला, मी डोळे मिटून घेतले. आईने मिटले नाहीत. ट्रकचं मागचं फळकूट लागल्याचा आवाज येईपर्यंत ती तिथेच उभी होती. जाताना तो मला हळूच म्हणाला की तुमच्या आईला सांगा, पुन्हा असं करू नका. कुठे काही कळवणार का, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. पुढे कितीतरी दिवस दाराची बेल वाजली की मी आधी खिडकीतून कोण आहे ते बघायचे.

आईने ती पोळी कचऱ्यात टाकली. मग ती बाथरूममध्ये गेली. सकाळी अंघोळ झालेली असूनही तिने परत डोक्यावरून पाणी घेतलं. आमच्याकडे अशी अंघोळ कधी करतात ते मला माहीत होतं. मी बाहेर टॉवेल घेऊन उभी राहिले.

रात्री जेवताना आईने घास बाजूला काढला नाही. मुलीच्या ते लगेच लक्षात आलं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "आजी, व्हेअर इज अहो?"

आईने तिच्या ताटात भात वाढला, त्यावर तूप घातलं.

"गेले," ती म्हणाली.