सूर्यभान मिस्त्रीची निळी ठिणगी

ताडकळसच्या स्टँडामागं पत्र्याच्या शेडात सूर्यभान मिस्त्री गाड्यांची वायरिंग बघतो. मीटर-बिटर त्याच्याकडं नाही. प्लग काढायचा, इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा, वर टोपीची सावली धरायची आणि म्हणायचं, "मार सेल्फ!" ठिणगी निळी पडली तर कॉईल बरी, पिवळी पडली तर थकलेली, पडलीच नाही तर मेलेली. एवढ्या विद्येवर त्याची उभी हयात निघाली आणि तिचा त्याला भारी ताठा.

खंडेनवमीला परमेश्वरनं आपली जुनी पेट्रोल पिकअप चौघांकडून ढकलवत आणली. पूजेसाठी धुताना पठ्ठ्यानं इंजिनावरही पाइप धरला होता.

"काका, सकाळी झकास चालू व्हती. धुतली अन् रुसून बसली."

"इंजिनाला कशाला अंघोळ घातली रे?"

"पूजेची गाडी घाण कशी ठेवायची?"

मिस्त्री हसला. त्यानं डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून आत डोकावून पाहिलं. कोरडी दिसली. ती तशीच उन्हात ठेवून त्यानं पॉइंट घासले, टोपी परत बसवली आणि प्लग टेकवला. परमेश्वरनं केबिनमध्ये बसून सेल्फ मारला. काहीच नाही. मिस्त्रीनं कंडेन्सर बदलला. काही नाही. मग कॉईल बदलली. तरी काही नाही.

"आताचा मालच डुप्लिकेट हाय," तो चिडून म्हणाला. हे वाक्य त्याचं वर्षभर चाललं होतं. कोपऱ्यातलं खोकं मेलेल्या कॉईलींनी भरलं होतं. परभणीच्या डॉक्टरनं साखरेनं डोळ्यांचे पडदे गेलेत, गेलेलं परत येत नाही, असं सांगितलं होतं. पण डॉक्टरला वायरिंगमधलं काय कळतं, म्हणून मिस्त्रीनं ते बायकोलाही सांगितलं नव्हतं.

परमेश्वरनं खिडकीतून मान काढली. "काका, राग नका मानू. दुसऱ्या मिस्त्रीला बोलवू का?"

मिस्त्रीला ते फार लागलं. त्याच्या उस्तादाची एक रांगडी रीत होती: शंका आली की वायर सरळ हातात धरायची. ती त्यानं केव्हाच सोडून दिली होती. आज त्यानं प्लगवरचं रबरी टोपण काढलं आणि वायरीचं उघडं टोक बोटाशी नेलं. "मार!"

असा झटका बसला की खांद्यापर्यंत हात उडाला. पान्हा खाली पडला. क्षणभर त्याला आनंदच झाला. करंट होता! जोरदार होता!

त्यानं घाईनं प्लग लावला, पुन्हा टेकवला, तोंड अगदी जवळ नेलं. "मार!" टकटक आवाज येत होता. दिसत काही नव्हतं. नुसता करडा धूसरपणा.



"परमेश्वर, खाली उतर. सरजा, तू किल्ली फिरव." मागं स्वयंपाक करणारी बायको, सरजाबाई, हात पुसत आली आणि केबिनमध्ये बसली. "अन् परमेश्वर, तू बघ रे. ठिणगी कोणत्या रंगाची हाय?"

"निळी! लख्ख निळी, काका. तुमच्या नाकाम्होरंच पडायलीय की! दिसंना का काय तुमाला?"

सरजाबाईनं किल्ली सोडली आणि नवऱ्याकडं पाहिलं. तो डोक्यावरची टोपी काढून झटकत राहिला.

डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतलं पाणी होतं, दुसरं काही नव्हतं. मघाशी ते त्याला दिसलं नाही, उन्हानं आपोआप सुकलं. त्यानं चाचपत जुनी कॉईल परत जोडली. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

"आता कोणती कॉईल बसवलीत?" परमेश्वरनं विचारलं.

"तुझीच. तिला काय बी झालं नव्हतं."

गाडी धूर सोडत गेली. मिस्त्री खोक्यापाशी बसला आणि एकेक कॉईल हातात घेऊन परत ठेवू लागला. सगळ्या चांगल्या असणार, हे त्याला आता कळत होतं. कोणाकोणाच्या गाड्यांच्या, तेही आठवत होतं.

सरजाबाई शेजारी येऊन बसली. "कधीपासून दिसंना झालंय?"

"दिसतंय की," तो उजवीकडं मान वळवून म्हणाला. "तू दिसायलीस न्हाई का."

ती त्याच्या दुसऱ्या बाजूला बसली होती.