उलट्या पावलांचा मिस्त्री

माणूस घरात शिरतो तो तोंड पुढं करून, आणि बाहेर पडतो तोही तोंड पुढं करूनच. ठोक्या मिस्त्रीचं अर्धं आयुष्य मात्र घराकडं तोंड आणि दाराकडं पाठ करून सरकण्यात गेलं. फरशी बसवायची म्हणजे पार पलीकडच्या भिंतीपासून सुरुवात करायची, एकेक ओळ बसवत मागं मागं यायचं, शेवटची फरशी उंबऱ्याशी ठोकायची आणि आधी ढुंगण, मग डोकं असं बाहेर पडून दार ओढून घ्यायचं. ओल्या फरशीवर पाय पडला की मेहनत मातीत. म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत आत कुणी जायचं नाही, मालकानंसुद्धा नाही. आणि दुसऱ्या दिवशी ठोक्या भलत्याच घरात गुडघे टेकून बसलेला असायचा.

ठोक्या हे नाव सवयीवरून पडलेलं. दवाखान्यात जावो की बँकेत, बसल्या जागी बोटाच्या पेरानं तो जमीन ठोकून बघायचा. भरीव वाजली तर मान डोलवायचा, पोकळ वाजली तर सुतकी तोंड करायचा. खरं नाव फक्त बायकोला आणि बँकेला ठाऊक.

शहराची गर्दी संपून रस्त्याला झाडं लागतात, तिथं ती वसाहत होती. बैठी घरं, पुढं हातभर अंगण, लोखंडी फाटक, आणि दुपारी स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता. त्यातल्या बहुतेक घरांत ठोक्यानं गुडघे झिजवलेले. पण त्याला ओळखीची होती ती रिकामी घरं. ओल्या सिमेंटचा वास, भिंतीतून लोंबणाऱ्या वायरी, खोकलं तरी घुमणारा आवाज. संध्याकाळी कामावरून जाताना तो स्कूटर हळू करायचा. खिडक्यांत दिवे लागलेले असायचे. एखादा म्हातारा खुर्चीत पेंगतोय, एखादी पोरगी पालथी पडून पाय हलवत पुस्तक वाचतेय, कुणी बाई उगाच या खोलीतून त्या खोलीत जातेय. सगळं त्याच्या फरशीवर! ठोक्याच्या अंगावर काटा यायचा. आपण सोडली तेव्हा ती नुसती खोली होती. मग तिचं घर कधी झालं? कोण येऊन करून जातं हे?

"एक दिवस चोर म्हणून धरतील तुम्हाला," मागं बसलेली बायको म्हणायची.

बायको पडदे शिवायची, तेही याच घरांचे. नवरा जमीन झाकायचा, बायको खिडक्या. आणि दोघं राहायची वेल्डिंगच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोल्यांत. खाली दिवसभर ठणठणाट, पायाखाली भेगाळलेला कोबा आणि खिडकीला जुनी चादर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

एके दिवशी पडदे पोचवून आली ती बायको पायऱ्या दोन-दोन चढतच आली. "अहो, नर्सबाईंच्या घराला पाटी लागलीय. विकायचंय म्हणे. लेकीकडं चालल्यात."

शेवटच्या गल्लीतलं टोकाचं घर. वसाहतीतलं सगळ्यात लहान, आणि म्हणूनच या दोघांच्या पुंजीला नि बँकेच्या कर्जाला पेलणारं तेवढं एकच. बाकीची घरं ह्यांच्यासाठी चंद्रावर. हे हातचं गेलं तर वेल्डिंगच्या ठिणग्या बघतच म्हातारपण काढायचं, हे दोघांनाही न बोलता कळत होतं. शिवाय ठोक्यानं उस्तादाचा हात सोडून एकट्यानं केलेलं पहिलं काम तेच.

रविवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून दोघं गेली. फाटक वाजलं तशी नर्सबाई बाहेर आल्या. काठीच्या आधारानं चालायच्या, पण आवाज वॉर्डातल्यासारखाच खणखणीत.

"बरं झालं बाबा आलास! स्वयंपाकघरातली फरशी वाजतेय कधीची. आज गिऱ्हाईक यायचंय घर बघायला. तेवढी बसवून दे."

आता कुणीही म्हणालं असतं, बाई, मीच गिऱ्हाईक. पण ठोक्याच्या कानात शिरलं ते एवढंच, की फरशी वाजतेय. आणि ती त्यानं बसवलेली. तो स्कूटरकडं वळला, डिकीतली पिशवी काढली आणि सरळ स्वयंपाकघरात.

बायकोनं कोपरखळी मारली. "अहो, आपण कशाला आलोय?"

"दोन मिनिटं."

"दोन मिनिटं, दोन मिनिटं करत तुम्ही लोकांची अख्खी वसाहत बसवलीत!"

ठोक्यानं ठोकून बघितलं. पोकळ. छिन्नी घालून फरशी अलगद उचलली आणि तो तसाच थबकला. खालच्या सिमेंटात पंजा उमटलेला होता. पाची बोटं स्वच्छ. थापीनं सारखं करायचं सोडून घाईत हातानंच चोपलं होतं त्यानं तेव्हा. जिथं तळवा दबला तिथं खळगा राहिला, म्हणून वरची फरशी पोकळ. त्यानं आपला हात त्यावर ठेवला. बोटं आता जाड झाली होती, पेरं फुगली होती, बसेनात. चूलपाणी झालं, पाहुणेरावळे आले-गेले, बाईंचे साहेब वारले, आणि या सगळ्याच्या खाली त्याचा जवान हात आपला मुकाट घर तोलून धरून होता. आतापर्यंत तो समजायचा की आपण घरांतून निघून जातो. च्यायला, आपण तर इथंच होतो!

तेवढ्यात दारात दलाल उगवला. मागं एक जाडजूड गृहस्थ आणि त्यांची बायको. गृहस्थांनी टाच आपटून बघितली. "फरशी जुनी दिसतेय."

"पक्की आहे साहेब," दलाल म्हणाला. "कारागीरच बसलाय समोर, विचारा त्यालाच. काय मिस्त्री?"

आणि ठोक्या बोलला! एरवी दगडासारखा गप्प असणारा माणूस, पण मन भरून आलं होतं ना. "साहेब, ही खोली उन्हाळ्यात बघा, पाय ठेवला की डोक्यापर्यंत थंडावा. पाया खडकावर. ओल म्हणून नाही कुठं. असलं घर आता कुणी बांधत नाही. तुम्ही-आम्ही जाऊ, हे राहील."

दाराशी उभी असलेली बायको दातओठ खात होती. नवरा डोळ्यांदेखत स्वतःचं घर दुसऱ्याला विकत होता, तेही दलाली न घेता.

ठोक्यानं नवा माल कालवला. पंजा बुजवताना क्षणभर हात अडला, पण काम ते काम. फरशी बसवली, ठोकली, भरीव वाजली. "उद्यापर्यंत पाय ठेवू नका," त्यानं सगळ्यांना बजावलं, पिशवी उचलली आणि सवयीनं, तोंड घराकडं ठेवून, मागं मागं सरकत स्वयंपाकघरातून बैठकीत, बैठकीतून ओसरीवर आणि ओसरीवरून थेट फाटकाबाहेर गेला. फाटक लावलं. स्कूटरला किक मारली आणि नेहमीसारखा म्हणाला, "बस गं."

कुणी बसेना. मागं हात लावून बघितलं तर सीट रिकामी.

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. बायको आत. घर आत. दोन्ही मागं ठेवून आपण कामाला आल्यासारखे चाललो!

तो फाटक उघडून धावला, पण ओसरीच्या पायरीवर पाय अडखळले. आतून गृहस्थांचा आवाज येत होता. "घर बरं आहे. फरशी मात्र सगळी उखडावी लागेल. गुरुवारी भावाला दाखवतो, मग किमतीचं बोलू."

ठोक्यानं पिशवी पायरीवर ठेवली. हात रिकामे झाले तसं त्याला उघडं पडल्यासारखं वाटलं. हातात थापी नसताना या वसाहतीतल्या कुठल्याच घराचा उंबरा त्यानं कधी ओलांडला नव्हता. आत जायचं म्हणजे काय म्हणून जायचं? तरी गेला. तोंड पुढं करून.

"बाई," तो म्हणाला, "मी फरशीसाठी नव्हतो आलो. आम्ही घर बघायला आलो होतो. घ्यायला."

दलाल फिस्सकन हसला. नर्सबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की हसू घशातच राहिलं.

"मघाशीच सांगितलं तुझ्या बायकोनं," त्या म्हणाल्या. "मी किंमत सांगितली, तिनं हो म्हटलं. घासाघीस नाही, भाऊ नाही, गुरुवार नाही. म्हटलं, पोरी, नवऱ्याला तरी विचार. तर नवरा फाटक लावून पसार!"

"त्यांना फरशी दिसली की जग बुडालं तरी पत्ता लागत नाही, बाई," बायको म्हणाली. "पण खिडक्या मी मोजून घेतल्यात." तिनं खांद्यावरचा टेप दाखवला.

"अहो, पण आमचं गिऱ्हाईक..." दलाल पुढं सरसावला.

"तुमच्या गिऱ्हाइकाला उखडायचंय. ह्यांना राहायचंय," नर्सबाई म्हणाल्या. "आणि आधी 'हो' ह्यांनी म्हटलंय. माझा शब्द एकच असतो."

ठोक्या मटकन खाली बसला. जमीन ठोकली. भरीव वाजली. बायकोनं कपाळावर हात मारून घेतला.

पुढं बँकेच्या खेपा झाल्या, सह्या झाल्या, नर्सबाई खिडकीतल्या कुंड्या तेवढ्या ठेवून लेकीकडं गेल्या. वेल्डिंगच्या दुकानावरून सामान आलं. ते या घरात इतकं थोडं दिसलं की बायको म्हणाली, "लाज वाटते हो."

पहिल्या संध्याकाळी ठोक्या बैठकीत भिंतीला टेकून बसला, तो उठेचना. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती. बघता बघता ती एका फरशीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर सरकत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली. जिथून त्यानं पहिली ओळ सुरू केली होती तिथं टेकली, लाल झाली आणि विझली. बाहेर शेजारच्या फाटकाची कडी वाजली. कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. आणि पुन्हा सगळं शांत.

"काय बघताय एवढं?"

"फरशीवर ऊन चालतं गं," तो हळूच म्हणाला. "मला कधी दिसलंच नव्हतं. मी आपला बाहेर पडलेला असायचो."

बायकोनं त्याच्याकडं बघितलं. मग बादली आणि फडकं घेऊन आली. "पाय उचला. पुसून घेते."

ती पलीकडच्या भिंतीपासून पुसत यायला लागली. ओली फरशी चमकत चमकत जवळ आली तसा ठोक्या उठला आणि मागं सरकायला लागला. एक पाऊल, दुसरं पाऊल. पाठ उंबऱ्याला लागली. हात आपोआप दाराच्या कडीकडं गेला.

"आता कुठं निघालात?" बायको खेकसली. "उमटले पाय तर उमटले. या आत."