बोलणारं ॲप

वसमतच्या बैठकीत आमच्यासाठी ॲप बनवायला पुण्याहून आलेल्या मुलीनं विचारलं, "ताई, तुम्हाला ॲपमध्ये काय हवंय?" तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी आशा सेविका म्हणून कुरुंद्याजवळच्या एका गावात घरोघर फिरते, गरोदर बायांची आणि लेकरांची खबर ठेवते. इतक्या वर्षांत आम्हाला काय हवंय हे कोणी विचारलं नव्हतं. काय भरायचं राहिलंय तेवढंच विचारायचे. मग आत्ताच हा पुळका कशाला? शेजारच्या आशाताईच्या कानात मी म्हटलं, "आपल्यावर नजर ठेवायला काढून राहिले हे."

मुलगी गोड बोलायची, त्यामुळे संशय वाढलाच. मग तिनं ॲप दाखवलं. मोजकी बटणं, मोठी चित्रं, आणि चित्रावर बोट ठेवलं की मोबाईलमधली एक बाई त्यातली माहिती मोठ्यानं वाचून दाखवणार. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी, म्हणे. शुद्ध, ठसठशीत बोलायची ती बाई. मला मुळीच आवडली नाही. पण करून बघायला म्हणून ॲप सगळ्यांच्या मोबाईलमध्ये टाकलं गेलं.

गावात एका घरची सून तिसऱ्या महिन्यात होती. आधीचं लेकरू पोटातच गेलेलं. त्या वेळी तिनं दुखणं अंगावर काढलं, कोणाला सांगितलं नाही, आणि दवाखान्यात पोचायला उशीर झाला. म्हणून या खेपेला नवरा सोडून तिनं फक्त मला सांगितलं. सासूला पाचवा लागल्यावर सांगणार होती. आमच्याकडे नजर लागायची भीती फार. तिनं विश्वास टाकला याचंच मला अप्रूप होतं.

एका दुपारी तिला गुपचूप गोळ्या द्यायला गेले. ओसरीवर सासू आणि शेजारीण हळकुंडं निवडत बसलेल्या. लस कोणाची राहिलीय ते बघायचं निमित्त करून मी मोबाईल काढला. बोट कुठं लागलं कोण जाणे, बाई सुरू झाली. सुनेचं नाव, नवऱ्याचं नाव, गरोदर, महिना तिसरा, आधी एक गर्भपात. मी बटणं दाबत सुटले, पण सगळं सांगून झाल्याशिवाय ती थांबली नाही.

शेजारीण मान खाली घालून हळकुंडं निवडत राहिली. सासू म्हणाली, "आमच्या आधी तुमच्या मोबाईलला कळलं व्हय." दारात आलेली सून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

घरी येऊन मी पुण्याच्या मुलीला फोन लावला. ओसरीवर काय झालं ते रागारागानं सांगितलं. ती म्हणाली, "आवाज बंद करायचं बटण वर कोपऱ्यात आहे, ताई." मी म्हटलं, "बटण राहू द्या, ती बाईच काढा." थोड्या दिवसांत बाई खरंच निघाली. इतक्या लवकर ऐकलं याचाही मला संशय आला.

ॲपमधून निघाली, गावातून नाही. मला बघून बाया बोलणं तोडायच्या. मोबाईल पिशवीत असला तरी विचारायच्या, "ऐकून राहिला का तो?" सून तर दारच उघडेना. मला एकच धास्ती होती, याही वेळी दुखलं तर ती गप्प बसेल.

मग एक दिवस तिचा नवरा आला. "तिनं बोलावलं तुमाला. मोबाईल घरी ठेवून या म्हणाली." काहून, ते त्यालाही सांगितलं नव्हतं. मी तशीच निघाले. खाटेजवळ बसले तर तिनं आधी माझी पिशवी ओढली आणि गोळ्यांच्या पाकिटांखाली हात घालून चाचपली. ते मला फार लागलं, पण मी पिशवी धरली नाही. तेव्हा कुठं ती बोलली. "सकाळपासून पोट दुखून राहिलं, ताई. थोडं रक्त बी गेलं."

दवाखान्याची गाडी बोलवायला सासूचा मोबाईल मागितला. तिनं दिला, पण माझं बोलणं संपेपर्यंत समोरून हलली नाही. वेळेत पोचलो.

लेकरू वाचलं. आता ते ओसरीवर रांगतं. मी अंगणात शिरले की त्याची आई हसते, या ताई म्हणते, आणि आधी माझ्या हातांकडे बघते.