फायलींवर दाजींचं नाव

"कोण हे अणदूरचे दाजी? पानापानावर दाखला आहे यांचा. ग्रंथ कुठला यांचा?"

प्रबंधाचे मार्गदर्शक फोनवर असे ओरडत होते की आमच्या कळंबच्या कॉलेजातल्या ग्रंथालयाच्या काचा थरथरल्या आणि मोंढ्यातली कबुतरं उडाली ती परत आलीच नाहीत म्हणतात. अर्थशास्त्राच्या आमच्या सरांनी फोन हातभर लांब धरला आणि शांतपणे सांगितलं, "थोरल्या बहिणीचे मालक आहेत, सर. शेती करतात."

सरांना तुम्ही पाहायला हवं होतं. देणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय हा माणूस कुणाची काडीही घेत नसे. पेन उघडला की साडूनं दिलाय हे वर्गाला कळायचं. चहा कुणी पाजला हे अख्ख्या स्टाफरूमला कळायचं. शिंकले तरी सर्दी कुणाकडून आली ते आदरानं सांगत. "ज्याचं त्याचं नाव पायजे बरं का," हे वर.

त्यांचा प्रबंध तेरखेड्याच्या फटाका व्यवसायावर. तो इतका लांबला की सुरुवातीला फुलबाजी धरणारी पोरं प्राध्यापक होऊन त्यांच्या शेजारी बसली. शेवटी विद्यापीठानं दम भरला : सोमवारपर्यंत जमा करा, नाहीतर नोंदणी रद्द.

संगणकात त्यांनी जमवलेले लेख 'नवीन', 'नवीन नवीन', 'हेच ते' अशा नावांनी कोंबलेले. मी ग्रंथपाल. दिवाळीच्या आधीच त्यांना संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. समजावलं, की लेखक, शीर्षक, साल हे सगळं फायलीच्या पोटातच लिहून ठेवायचं. फाईल जाईल तिथं नाव जाईल, आणि शेवटची संदर्भसूची आपोआप तयार होईल.

सरांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे भांड्यावर नाव घालतेत तसं की!"

मी व्हय म्हणालो. तिथंच सगळं फसलं. आपल्याकडं लग्नातल्या घागरीवर नाव कुणाचं असतं? घडवणाऱ्याचं कोण घालतो? देणाऱ्याचं! सरांनी सगळी दिवाळीची सुट्टी बसून एकेका लेखाचा लेखक पुसला आणि तिथं फाईल आणून देणाऱ्याचं नाव घातलं. दाजींनी कुठनं कुठनं मागून सगळ्यात जास्त आणून दिलेल्या, म्हणून फटाक्यांच्या अर्थशास्त्रात दाजी जगातले सगळ्यात मोठे विद्वान ठरले.

मी अख्खा संग्रह उडवला आणि फायली पुन्हा आत ओढल्या. सॉफ्टवेअरनं त्यांच्या पोटातली नावं वाचली आणि दाजी पुन्हा हजर. संगणक बदलला, तिथंही दाजी. पृथ्वी बुडाली असती तरी दाजी वर तरंगले असते.

आता प्रत्येक फाईल उघडून, पहिलं पान वाचून, खरा लेखक घालणं एवढंच उरलं होतं. मी बसलो, तर सरांनी माऊसवर हात ठेवला.

"दाजींचं नाव म्या पुसायचं? उन्हातान्हात एसट्या बदलत आला तो माणूस. उपरण्याच्या गाठीत पेन ड्राइव्ह बांधून."

डोळ्यांत पाणी होतं हो. नोंदणी जाईल म्हणालो, तर जाऊ दे म्हणाले. शेवटी मी 'टीप' नावाचा रकाना दाखवला. तिथलं सूचीत छापलं जात नाही, पण फायलीत राहतं. देणारे तिथं राहतील. सर कबूल झाले, पण प्रबंध जमा होताच अणदूरला जाऊन तोंडावर सांगायचं, या अटीवर.

सोमवारी विद्यापीठाची खिडकी बंद होता होता प्रबंध आत सरकला. पुढं पदवी मिळाली. आता सर निवृत्त होऊन लातूरला लेकीकडं असतात. स्टाफरूममध्ये चहा अजून येतो. कुणी पाजला ते कुणी विचारत नाही.

पण अणदूरची ती वारी मी डोळ्यांनी पाहिली. एसटीत सरांनी पाण्याचा घोट घेतला नाही. प्रत्येक थांब्यावर माफीची भाषा बदलत होते. दाजी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेले. सरांनी पाय धरले आणि सॉफ्टवेअरपासून मार्गदर्शकापर्यंत सगळं सांगितलं. तुमचं नाव पुसावं लागलं, हे शेवटी सांगितलं. दारात बहीण पदर तोंडाला लावून उभी. मी जमिनीकडं बघत होतो.

दाजींनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"पुसा की," ते म्हणाले. "म्या कुठं लिवलंय ते."