वहिनीला दिलेली जोडी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, देवापुढेही नाही — देवापुढे उभा राहिलो की मुद्दाम दुसरंच काहीतरी मागायचो. निजामी गेल्यापासून आमच्या पारावर जो तो दुसऱ्यानं काय केलं तेच सांगतो आहे. कुणी कुणाचं घर दाखवलं, कुणी कुणाला धरून दिलं. मी ऐकतो, मान हलवतो. माझं नाव कधी निघत नाही. कसं निघेल? मी केलं ते पिंजऱ्यात केलं.

मला मुनिया पाळायचा नाद होता. चिमणीहून लहान, मातकट अंगाचं, काळ्या शेपटीचं पाखरू. ज्वारी निसवली की थव्यानं उतरतं. हिंगोलीत एक म्हातारे चाचा होते, त्यांच्याकडून मी जोड लावायला शिकलो. ते सोपं नाही. या पाखरात नर आणि मादी दिसायला अगदी सारखे — रंग तोच, चोच तीच. नर तेवढा गातो, तेही इतकं बारीक की कान लावावा लागतो. म्हणून एकेकाला वेगळं ठेवून ऐकायचं. 'आठ दिन अकेला रख, फिर मेरे को बता,' चाचा म्हणायचे. पुढं पुढं मला आठ दिवसही लागेनात. आमच्या गावात ही विद्या एकट्या मला होती. हे ध्यानात ठेवा.

दादाच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि वहिनीला मूल नव्हतं. वहिनी हसरी बाई. माझ्या पिंजऱ्यांतलं पाणी तीच बदलायची, राळ्याचे दाणे तीच टाकायची. पोळ्याच्या सुमाराला माझ्या एका जोडीची पिल्लं निघाली आणि ती वाकून बघत असताना माय म्हणाली, "बघ, बघ. चिमूटभर राळ्यावर पाखरू माय झालं. आन तू आठ वर्सं शेरानं खाऊन राहिली."

वहिनी हसलीच. "मंग मला बी द्या की एक जोडी. माझ्या हातची फळली तर काय द्याल?"

"संक्रांतीपस्तोर एक जरी पिल्लू निघालं ना, तर दुसऱ्या सुनेचं नाव काढनार न्हाई. नागनाथाची आन!"

माय औंढ्याच्या नागनाथाची आण घ्यायची ती पाळायची. असल्या शकुनांवर तिचा जीव होता. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. "ऐकलं ना भावजी? चांगली जोडी द्या. तुमच्या हातात हाय आता."

होतं माझ्या हातात.

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना पेन अडखळतं. साखरा नावाच्या गावात दोन बहिणी होत्या. थोरली गोदा — देवीच्या व्रणांनी चेहरा गेलेला, कुणी करून घेईना. धाकटी तुळसा. तुळसेला मी एका लग्नात पाहिली होती, आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. तिच्या बापाचा निरोप साफ होता — थोरली उजवल्याबिगर धाकटी देणार नाही. तुमच्या थोरल्याला दुसरी करायची असली तर दोघी एकाच मांडवात घ्या. दादा ऐकत नव्हता. माय टोचत होती. अन् मी? मी पिंजऱ्यापुढे बसून होतो.

वहिनीला जोडी दिली तेव्हा तिनं पिंजरा दोन्ही हातांनी घेतला. घरट्यासाठी आत मडकं मीच बांधून दिलं. बारीक गवत आणून दिलं. नर कोणता ते बोटानं दाखवलं.

त्यात नर नव्हता. दोन्ही माद्या होत्या.

चुकून नव्हे. निवडून.

माद्या नराशिवायही अंडी घालतात. दोघींनी एकाच मडक्यात घातली. एका मादीची पाच-सहा होतात; वहिनी धावत आली, "भावजी, अकरा! अकरा हायेत!" जाणत्याला तो आकडा ऐकूनच कळलं असतं. जाणता मीच होतो. मी म्हटलं, "नशीब काढलं वहिनी." मायसुद्धा येऊन मडक्यात डोकावून गेली. पंधरा दिवस घरात कुणी आवाज चढवला नाही. मायनं वहिनीच्या भाकरीवर लोणी ठेवलं. मी ते बघत होतो. मला वाईट वाटत होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल — मजा वाटत होती. सगळं घर एका मडक्याकडे बघत होतं आणि मडक्यात काही नाही हे एकट्याला ठाऊक होतं.

एकदा तिनं विचारलंही, "तुमचा गातो, माझा काहून गात न्हाई?"

"अंड्यावर बसला की नर गप होतो," मी म्हणालो.

एक अंडं उन्हात धरून पाहिलं. जीव धरलेल्या अंड्यात तांबड्या शिरा दिसतात. हे पाण्यासारखं स्वच्छ. परत ठेवून दिलं. अंडी वाया गेली. दुसऱ्यांदा गेली. तिसऱ्यांदा वहिनीनं पिंजऱ्यापाशीच अंथरूण टाकलं, पाखरांवर सावली पडू देईना. तीही गेली. संक्रांत चार दिवसांवर आली आणि तिनं मायदेखत मला विचारलं, "भावजी, माझं काय चुकलं?"

काहीही म्हणता आलं असतं. हवा म्हणता आली असती. मी म्हणालो, "तुमचा हात उष्ण हाय वहिनी. काहींचा असतो."

तिनं तळहात पुढं केला — "बघा बरं?" मी बोट टेकवलं. हात थंडगार होता. मी मान डोलावली.

संक्रांत गेली, मायपुढं दादाचं काही चालेना, आणि माघ सरायच्या आत एका मांडवात दोन लग्नं लागली — दादाचं गोदेशी, माझं तुळसेशी. ती पाखरं मी परत घेतली, दोघींना नर लावले. दोघींकडेही पिल्लं निघाली. वहिनीनं ती पाहिली. म्हणाली, "माझ्या हातून सुटली, बरं झालं त्यांचं."

त्या दिवसापासून ती दुधाला विरजण लावत नाही. पेरणीला बियाणं हातात घेत नाही. शेण काढते, झाडते, सरपण आणते. गोदेलाही इतक्या वर्षांत मूल झालं नाही. मग दोष कुणात, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही. वहिनीनं एकदा गोदेची वेणी घातली होती, ते सगळ्यांना आठवलं.

परवाच्या रझाकारांच्या धामधुमीत आम्ही बायका-पोरं घेऊन पैनगंगेपलीकडे, वऱ्हाडात निघालो. घरातली बाकीची माणसं दादाच्या गाडीत पुढं होती; मागची गाडी मी हाकत होतो. तुळसा तापानं फणफणलेली, आमचं धाकटं सहा महिन्यांचं, रडून रडून निळं पडायला लागलेलं. मी मागं वळून म्हणालो, "वहिनी, घ्या त्याला जरा."

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि काखेत दाबले. "मला नका सांगू भावजी. लेकराला काही होईन." ती रडत होती. पोराकडे बघत होती आणि तिचे खांदे पुढं झुकत होते, पण हात निघाले नाहीत.

एक वाक्य पुरलं असतं. बैल चालत होते, रस्ता मोकळा होता, ऐकायला परकं कुणी नव्हतं. बाजूला तुळसा होती — जिच्यासाठी हे केलं ती. मी तोंड पुढं केलं आणि बैलांना चुचकारलं. वाटेत तांड्यावरची एक बाई भेटली, पोर तिच्याकडे दिलं, आणि पुढं हाकत राहिलो.

पोर वाचलं. आम्ही सगळे परत आलो. दादा आणि मी अजून ताटाला ताट लावून जेवतो. आत्ता मी हे लिहितो आहे आणि वहिनी अंगण झाडते आहे. खराट्याचा आवाज इथवर येतो. मी उठून गेलो तर दहा पावलं आहेत.

मी उठलेलो नाही. तिला वाचता येत नाही, आणि लिहायला बसताना मला ते माहीत होतं.