जयतीर्थअण्णांची हनुवटी

चामराजपेटेच्या पाचव्या रस्त्यावर जयतीर्थअण्णांना 'नाही' म्हणताना ऐकलेला माणूस अजून सापडायचा आहे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं त्यांनी काढली ती 'सरी', म्हणजे 'बरं', या एका शब्दावर. साहेब म्हणाला, ही आंब्याची करंडी आधी चढवा, अण्णा म्हणाले, "सरी." मागून दुसरा साहेब म्हणाला, माझी करंडी आधी, अण्णा म्हणाले, "सरी." दोन्ही करंड्या फलाटावर पिकल्या, पण अण्णांबद्दल कुणी वाईट बोललं नाही.

अशा माणसाला हवं असं काही नसणार, असं गल्लीला वाटायचं. होतं. अण्णांना आपला चेहरा एकदा भिंतीवर लागलेला बघायचा होता. आणि चेहरा म्हणजे मुख्यतः हनुवटी. मधोमध खळी असलेली, गुळगुळीत, ऐटदार हनुवटी. आरशापुढे ते तिला बोटानं हलकेच दाबून बघत, पेरू पिकलाय का बघावा तसं. पण दैव असं, की ती कुठल्याच फोटोत आली नव्हती. अडतीस सालच्या ग्रुप फोटोत स्टेशन मास्तरांचा फेटा आडवा आला. एकोणपन्नासच्या फोटोत ऐन क्षणी अण्णा शिंकले. निवृत्तीच्या दिवशी तर ते मधल्या खुर्चीवर होते. पण पार्सल ऑफिसनं प्रेमानं एवढे हार घातले, की फोटोत नाकापासून वर अण्णा आणि खाली सगळा झेंडू.

म्हणून शेजारच्या अहल्याबाईंचा हयवदन सहासष्टच्या मे महिन्यात येऊन म्हणाला, "अण्णा, माझं चित्रशाळेचं शेवटचं वर्ष. प्रदर्शनाला एक मोठं तैलचित्र लागतं, जिवंत माणसावरून केलेलं. बसाल?" तेव्हा अण्णांनी 'सरी' इतक्या जोरात म्हटलं, की आत वसुमतीबाईंच्या हातातली पळी पडली.

रोज सकाळी सात ते नऊ, पडवीत बैठक. वसुमतीबाईंना आधी टर्पेंटाइनचा वास खपेना. मग कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की हे विलायती ब्रश डुकराच्या केसांचे असतात. कुणी घातलं ते इथं सांगायचं कारण नाही. झालं! बाईंनी पडवीच्या उंबऱ्यावर गोमूत्राचं भांडंच ठेवलं.

"खारीच्या शेपटीचे आहेत हो अक्का," हयवदन बिचारा शपथेवर खोटं बोलला.

"मग खारीला तरी कशाला त्रास?" बाई म्हणाल्या, आणि रोज नऊ वाजता अण्णांना दुसरी आंघोळ लागू झाली.

चित्र मात्र उतरलं झकास. कपाळावरची अंगाऱ्याची रेघ, कानातली भिकबाळी, सगळं होतं, आणि खाली ती हनुवटी! एकट्या खळीवर हयवदननं तीन सकाळी घालवल्या. अण्णा उठून कॅनव्हाससमोर उभे राहत आणि स्वतःला नमस्कार करायचा मोह आवरत.

तेवढ्यात आषाढी एकादशी आली. नोकरीत असताना साहेबाच्या धाकानं जमलं नव्हतं, म्हणून वसुमतीबाईंनी तीस वर्षं एक गोष्ट राखून ठेवली होती. त्या म्हणाल्या, "आता तरी चातुर्मासात क्षौर करू नका. कार्तिकातल्या द्वादशीपर्यंत दाढीला वस्तरा लावायचा नाही." मठातले उपेंद्राचार पंडित पाटावर बसले होते, त्यांनी मान डोलावली. अण्णा काय म्हणाले ते सांगायला नको.

हयवदन ऐकून चपापला, पण त्यानं बोटांवर महिने मोजले. आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. कार्तिकी द्वादशी म्हणजे ऑक्टोबरची अखेर. प्रदर्शन अठरा नोव्हेंबरला. मध्ये तीन आठवडे मोकळे! "वाढवा अण्णा, खुशाल वाढवा," असं म्हणून तो बाकीच्या चित्रांच्या मागे लागला. परीक्षेआधी दाढी उतरायला मात्र हवीच होती, कारण रीतच तशी होती. पहिल्या दिवशी मद्रासहून परीक्षक यायचे, चित्र भिंतीवर, माणूस शेजारी स्टुलावर. साम्य जमलं तर पास, नाहीतर पुढल्या वर्षी पुन्हा ये.

आता आपल्या लोकांत जन्मलेल्या पोरानं असा हिशेब करावा? त्या वर्षी अधिक श्रावण होता! अख्खा एक महिना जास्तीचा. बरं, कळलं नव्हतं म्हणावं, तर अधिकातले अनारसे वसुमतीबाईंनी त्याला डब्यातून पाठवले होते, आणि पठ्ठ्यानं डबा चाटूनपुसून परत केला होता. महिना खाल्ला, पण मोजला नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे तो फराळाचं ताट घेऊन आला, तेव्हा अण्णा पाटावर होते आणि वसुमतीबाई त्यांच्या वीतभर दाढीला तेल चोळत होत्या.

"अय्यो! अण्णा, अजून?"

"अजून म्हणजे?" अण्णा दाढीतून म्हणाले. "द्वादशी चोवीसला. अधिक होता ना रे."

हयवदननं ताट खाली ठेवलं आणि शेजारी स्वतः बसला. "सहा दिवस, अक्का. फक्त सहा दिवस आधी. नाहीतर माझं वर्ष जातंय."

"तू सहा दिवस आधी जन्मला असतास तर चाललं असतं का तुझ्या आईला?" बाईंनी विचारलं. उपेंद्राचारांना बोलावणं गेलं. त्यांनी चकली मोडत निवाडा दिला, की एक दिवस आधी काय, एक घटका आधी काय, वस्तरा लागला की नियम संपला.

"मग मी चित्रातच दाढी रंगवतो," हयवदन रडवेला होऊन म्हणाला. "दोन दिवसांत होईल."

"हनुवटीवर?" अण्णांचा आवाज चिरकला. "बुजवणार तिला?"

त्या दिवशी पहिल्यांदा अण्णा 'सरी' म्हणाले नाहीत. उठून न्हाणीघरात गेले आणि कडी लावून बसले.

गुरुवारी, म्हणजे प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी, अण्णा भाजीची पिशवी घेऊन निघाले आणि मंडई सोडून शिवाजीनगरच्या बसमध्ये चढले. दंडूच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या, त्या टोकाला आपल्यापैकी कोण कशाला येतंय! बसस्टँडमागं एक सलून होतं, दाराला मण्यांचा पडदा. अण्णा खुर्चीत बसले, टॉवेल गळ्याभोवती आला.

"सफाचट करूं क्या साब?"

"सरी."

कात्री चालली, मग वस्तरा. डावा गाल उघडा पडला. मग हनुवटीची डावी बाजू. आरशात खळीचा अर्धा भाग जुन्या मित्रासारखा वर आला आणि अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. वस्तरा खळीच्या ऐन मध्यावर होता, तेवढ्यात मण्यांचा पडदा खळखळला आणि आरशात उपेंद्राचार दिसले.

अण्णांनी टॉवेल डोक्यावर ओढला, दोन रुपये टेबलावर टाकले आणि मागच्या दारानं कोंबड्या उडवत जे निघाले ते थेट बसमध्ये. उपेंद्राचार तिथं चातुर्मासात कशाला गेले होते, हा प्रश्न अण्णांना डबल रोडपर्यंत सुचलाच नाही. आचार म्हणतात, किती वाजले ते विचारायला गेलो होतो. मठात दोन घड्याळं आहेत, ती गोष्ट वेगळी.

घरी अण्णा मफलर गुंडाळून आले. दाढ दुखतेय म्हणाले. वसुमतीबाईंनी लवंग दिली. दुपारी लवंग, रात्री लवंग, सकाळी पुन्हा लवंग. वर, "एवढं दुखतंय तर मी पण येते बरोबर," म्हणून शुक्रवारी त्या निघाल्याच.

प्रदर्शनाच्या दालनात धावपळ. कुणाचा खिळा निघालेला, कुणाचा बैल उलटा टांगलेला. हयवदननं दारासमोरच्या भिंतीवर अण्णांना लावलं होतं, दाढीविना. अण्णांचा चिरकलेला आवाज त्याच्या कानातून गेला नव्हता. नापास व्हायची तयारी ठेवून तो नखं खात उभा होता. भिंतीवरची हनुवटी अण्णांनी डोळे भरून बघितली. मग पार्सल क्लार्कच्या डोक्यानं त्यांनी जागेचा हिशेब केला. स्टूल थोडं वळवलं, वसुमतीबाईंना उजवीकडच्या बाकावर बसवलं आणि स्वतः एका अंगानं बसले.

परीक्षक आले, पोटावर पट्टा चढवलेले, भारदस्त. "मफलर काढा."

काढला. डावा गाल परीक्षकांकडे, दाढी बायकोकडे.

परीक्षकांनी चित्र बघितलं, गाल बघितला. "उत्तम. खळी तर फार छान पकडलीय." हयवदनचे डोळे पांढरे झाले. तो उजवीकडून दाढीच बघत होता.

"आता समोर बघा," परीक्षक म्हणाले.

अण्णा हलेनात.

"दाढ दुखतेय हो त्यांची," वसुमतीबाई बाकावरून म्हणाल्या. "वळवू नका."

"कुठली दाढ?" परीक्षकांनी विचारलं, आणि बघायला म्हणून ते स्टुलाला वळसा घालू लागले. त्याच वेळी लवंग घेऊन वसुमतीबाई दुसऱ्या बाजूनं उठल्या. आता लपवायला तिसरी बाजू नव्हती. अण्णांनी एकदा भिंतीवर बघितलं, मान वर केली आणि दालनाकडे पूर्ण तोंड केलं.

 मग हेमलता नावाची एक विद्यार्थिनी फिस्सकन हसली आणि तिच्यामागून सगळं दालन. अण्णा हसणाऱ्यांकडे बघत राहिले, मान खाली न घालता.

परीक्षकांनी चष्मा पुसला. "ही कुठली पद्धत?"

"नियम आहे सर," अण्णा म्हणाले. "अर्धा."

परीक्षकांनी दाढीच्या बाजूवर वही धरली, चित्राकडे बघितलं, वही काढली, पुन्हा धरली. मग हयवदनला म्हणाले, "माणूस ओळखू येतोय. जा, पास."

वसुमतीबाई अजून लवंग धरून उभ्या होत्या. "कालपासून चार लवंगा चावल्यात तुम्ही," त्या हळूच म्हणाल्या. "फुकट."

"हो."

"आणि ही उरलेली? ती पण काढून टाकणार असाल."

"छे! उरलेलीचा नियम चालू आहे. चोवीसपर्यंत."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. लवंग स्वतःच्या तोंडात टाकली आणि तरातरा घरी गेल्या.

प्रदर्शन तीन दिवसांचं. परीक्षा पहिल्याच सकाळी संपली होती, पण अण्णा तिन्ही दिवस दहा ते सहा स्टुलावर हजर. बातमी बसवनगुडीपर्यंत पोचली. लोक आधी चित्र बघत, मग अण्णा, मग पुन्हा चित्र. हेमलता वही घेऊन बसली, तर अण्णा म्हणाले, "बाळ, दोन्ही बाजू घे हं." बाकीची पोरं कुरकुरली, आमचे बैल कुणी बघतच नाही म्हणून. उपेंद्राचार तेवढे आले नाहीत.

रविवारी दुपारी वसुमतीबाई डबा घेऊन आल्या. आल्या तशा बाकावर बसल्या. सहा वाजता शिपाई किल्ल्या वाजवत आला.

"बंद करायचंय साहेब. उठा आता."

"स्वल्प थांब रे," अण्णा म्हणाले. "मल्लेश्वरमची मंडळी यायचीत अजून."

शिपायानं वसुमतीबाईंकडे बघितलं. बाईंनी रिकामा डबा पिशवीत घातला.

"मग ताठ बसा तरी," त्या म्हणाल्या. "किती वाकलाय."